मुठीचे तांदूळ

मोहाच्या झाडांखाली झाडलोट सुरू केली त्या पहिल्याच सकाळी वाळल्या पाल्यातून घोणस निघाली. बाया मागे सरकल्या. निर्मलाबाईने खराटा उलटा धरला आणि दांड्याने तिच्या डोक्यावर मारायला लागली. साप निपचित पडला तरी ती मारतच होती. पाल्यावर रक्त उडालं, तिच्या पातळाच्या काठावरही उडालं. मी म्हटलं, "झालं बाई, मेली ती." तर म्हणाली, "मेली हे तिले समजू द्या, मंग थांबते."

निर्मलाबाई माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. शिबिरात भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवायला माझ्या जोडीला तीच असते. तिने काठीवर साप उचलून दूर नेऊन टाकला, हात धुतले आणि पुन्हा झाडू लागली.

ही जागा नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला आहे. एक बोडी आहे, म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, मोहाची जुनी झाडं आहेत. आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, तुमसर आणि सिहोऱ्याच्या आसपास विखुरलेली. ईस्टरच्या आधी सगळे तीन दिवस इथे येऊन राहतात. उपास, प्रार्थना, मौन, गाणी. आता बॅनरवर 'आत्मिक शिबिर' असं छापतात. आम्ही लहानपणी त्याला रानातली उपासना म्हणायचो. तेव्हा बैलबंड्यांनी यायचो. मिशनच्या मिससाहेब तंबूत झोपत, आम्ही तणसावर, भाताच्या पेंढ्यावर. रात्री बंड्या गोल लावून मधे शेकोटी असायची, आणि पलीकडे चितळ ओरडलं की आई गाणं थांबवून कान द्यायची. पळसाच्या पानांवर भात आणि बोडीतल्या मासळीचा रस्सा. त्या भाताची चव मला आजही सांगता येईल. तो भात वेगळाच असायचा, कारण तो मुठींचा भात असायचा.

ते सांगायला हवं. आमच्या मंडळीची ती रीत आहे, दुसरीकडे कुठे मी पाहिलेली नाही. शिबिराच्या जागेभोवती झाडांना बांधून एक दोरी ओढतात. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने शिबिराआधी त्या माणसाच्या घरी जायचं, तिथे दोन घास खायचे आणि त्याच घरचे मूठभर तांदूळ घेऊन यायचं. त्या सगळ्या मुठी एका डब्यात जमा होतात आणि पहिल्या दिवशीचा भात त्यांचाच शिजतो. मूठ नसेल तर दोरीच्या आत पाय नाही. ज्याचं कुणाशीच वाकडं नाही असा माणूस मी अजून पाहिला नाही, म्हणून प्रत्येकाला कुठे ना कुठे जावंच लागतं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, डोकी फोडलेले भाऊ मी या मुठीपायी एकमेकांच्या गळ्यात पडून रडताना पाहिले आहेत. रीत वाईट नव्हती.

पण माझी मोठी बहीण सुलोचना या रितीनेच गेली. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते. तिचा नवरा तिला तुतारीने टोचायचा, बैल हाकायच्या टोकदार काठीने. ती माहेरी निघून आली. मिससाहेब दयाळू होत्या, कुणावर कधी आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांनी सुलोचनेला जवळ बसवलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि नवऱ्याच्या घरून मूठ आणायला पाठवलं. ती घेऊन आली. हसत आली. रात्री आईने तिचं पोलकं सोडलं तेव्हा पाठीला कापड चिकटलेलं होतं, ते पाणी लावून लावून सोडवावं लागलं. शिबिरानंतर ती नांदायला गेली आणि दिवाळीच्या आत विहिरीत सापडली. पाय घसरला, असं नवऱ्याने सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

त्या वर्षी आम्ही तिच्या मुठीचा भात खाल्ला होता. चांगला शिजला होता. मला आठवतं, कारण मी दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

सुलोचनेची रांगती मुलगी आमच्याकडे वाढली. तीही आता नाही. तिची मुलगी हर्षा, आणि हर्षाला जगात माझ्याशिवाय कोणी नाही.

हर्षाचा नवरा विनोद तुमसरला राईस मिलचा टेम्पो चालवतो. दारू पीत नाही. उपासनेत ढोलकी वाजवतो, आणि अशी वाजवतो की म्हातारीचेही पाय हलतील. म्हणून सुरुवातीला कोणी विश्वास ठेवला नाही. या वर्षी शिबिराची तयारी सुरू व्हायच्या थोडं आधी हर्षा सिहोऱ्याला माझ्या दारात आली, एका हातात चप्पल आणि दुसरा हात कानावर. भाजीत मीठ कमी होतं म्हणून त्याने तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं होतं. एकदा नाही. उजव्या कानातून रक्त वाहून मानेवर वाळलं होतं. मी बोलत होते ते तिला त्या बाजूने ऐकूच येत नव्हतं. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि पुन्हा सांगितलं की आता परत जायचं नाही.

धर्मगुरू पाळकसाहेबांच्या पत्नी रीता, आमच्या पाळकीणबाई, दुसऱ्या दिवशी येऊन तिला पाहून गेल्या. पदराने डोळे पुसत बसणाऱ्यांतल्या त्या नाहीत. या वर्षी शिबिरात बोलायला नागपूरच्या शुभांगीबाई येणार होत्या. त्यांचं तिकडे बायकांचं वसतिगृह आहे, रुग्णसेवेचं काम शिकवतात. पाळकीणबाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. शुभांगीबाई म्हणाल्या, मुलीला शिबिरात आणा, परतताना माझ्या जीपमधून मी तिला घेऊन जाईन, पुढचं मी पाहते. हर्षाने ते दोनदा विचारून घेतलं. मग ती त्या दिवसात पहिल्यांदा पोटभर जेवली. तिला फक्त शिबिरात पोचायचं होतं.

पण दोरीच्या आत जायला मूठ लागते.

टेकचंद पाळकसाहेब हे सांगायला स्वतः आले. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी आजारपण असलं तर रात्रभर उशाशी बसतो. खाटेवर बसून, चहाची कपबशी धरून त्यांनी समजावलं की रीत सगळ्यांना सारखी. हर्षाचं विनोदशी वाकडं आहे हे सगळ्या मंडळीला माहीत आहे, तिलाच सूट दिली तर बाकीचे काय म्हणतील? आणि मूठ न आणलेल्या मुलीला मंडळीच्या नावाने नागपूरला कसं पाठवायचं? शिवाय विनोद त्यांच्याकडे येऊन रडून गेला होता. वेदीपाशी येण्याआधी समेट करा, हे आपण शिकवतो, मग आपणच कसं मोडायचं?

मी विचारलं, "साहेब, मारलं कोनं?"

"विनोदनं."

"मंग मूठ घ्यायले कोनं जायचं? ज्यानं केलं त्यानं, का जिचा कान फुटला तिनं?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले की कुणी लहान व्हायचं याचा हिशेब देव ठेवत नाही. मी त्यांना सुलोचनेचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, तो काळ वेगळा होता म्हणाले.

हर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डाव्या कानाने सगळं ऐकत होती. "जाऊन येते मी आजी," ती म्हणाली. "एक मूठच त आहे. मले नागपूरले जायचं आहे."

पाळकसाहेबांनी तिला आपल्या मोटारसायकलवर नेलं. मी सोबत येते म्हटलं तर ते म्हणाले, मी आहे ना. तुमसरला गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून ते चहाच्या टपरीवर बसले. नवरा-बायकोचा समेट आहे, तिसऱ्याने मधे नसावं, असं त्यांना वाटलं.

घरात काय झालं ते हर्षाने मला नंतर सांगितलं, तेही थोडं थोडं. विनोद नीट बोलला. पाट मांडला, स्वतः वाढलं, वरणभात. तिने दोन घास खाल्ले. मग त्याने तांदळाच्या कोठीचं झाकण उघडून धरलं. कमरेइतकी उंच पत्र्याची कोठी, झाकणाला लोखंडी पट्टी. म्हणाला, "घे, मूठ घे." तिने हात आत घातला. तांदूळ पार तळाशी होते, म्हणून वाकून, खांद्यापर्यंत हात घालून तिने मूठ भरली. हात वर येताना मनगट काठाशी आलं आणि त्याने झाकण आपटलं. ती ओरडली तर तो झाकणावर बसला. बसून विचारलं, "आता सांग, कोनाकोनाच्या घरी सांगून राहिली माह्याबद्दल?" ती नावं सांगत गेली तसा तो जोर देत गेला. हाड मोडल्याचा आवाज तिला डाव्या कानात ऐकू आला. शेवटी तो उठला, तिचा हात आपल्या हातांनी बाहेर काढला आणि पदर तिच्या मनगटावरून नीट ओढून दिला.

मूठ सुटली नव्हती. बोटं उघडतच नव्हती.

बाहेर येऊन विनोदने पाळकसाहेबांना हात जोडले. "समेट झाला साहेब." पाळकसाहेबांनी दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून तिथेच, टपरीसमोर, आभाराची प्रार्थना केली. हर्षाने डोळे मिटले नव्हते. विनोद म्हणाला, मीही यंदा मदतीला येतो, टेम्पो माझा, ताडपत्र्या मी आणतो. पाळकसाहेबांना इतका आनंद झाला की वाटेत ते गाणं म्हणत होते.

माझ्या अंगणात उतरल्यावर तिने पदर बाजूला केला. मनगट कोपराएवढं झालं होतं, काळंनिळं, आणि बोटांच्या फटीतून तांदळाचे दाणे डोकावत होते, तांबडे झालेले. मी एकेक बोट सोडवलं. प्रत्येक बोटाला ती माझ्या खांद्याला चावली. ते तांदूळ मी फडक्याच्या पुरचुंडीत बांधले. पाळकसाहेब दाराशी उभेच होते. म्हणाले, "मी चहा पीत होतो." तुमसरच्या दवाखान्यात त्यांनीच नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हर्षा म्हणाली, फाटक लागलं. कारण पोलीस, जबानी, तारखा यात अडकली तर नागपूर गेलं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. पाळकसाहेबांनी ते ऐकलं आणि दवाखान्याचं बिल भरलं.

मला वाटलं, आता हा माणूस विनोदला येऊ नको म्हणून सांगेल. त्याने सांगितलं नाही. कदाचित जमलं नसेल.

शिबिराच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे बोडीवर होतो. पुरुष दोरी ओढत होते, बाया दगडांची चूल लावत होत्या. चूल दोरीच्या बाहेर असते, धुराने प्रार्थनेत खोकला नको म्हणून. हर्षा मोहाच्या बुंध्याला टेकून बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर आणि डाव्या हाताने मुठींच्या डब्यातल्या तांदळातले खडे काढत होती. तिची पुरचुंडी मी त्या डब्यात टाकली नव्हती. ती माझ्या पदराच्या गाठीत होती. संध्याकाळपर्यंत शुभांगीबाईंची जीप यायची होती. हर्षा खडे काढता काढता मधूनच रस्त्याकडे पाहायची.

आधी टेम्पो आला. विनोद गाणं म्हणत उतरला. सगळ्यांशी हसून बोलला, एकट्याने ताडपत्र्या उतरवल्या, झाडावर चढून गाठी मारल्या, ढोलकी काढून तापवायला चुलीजवळ ठेवली. हर्षाकडे पाहिलंही नाही. माझ्याजवळ येऊन वाकला. "आजी, तुमी गेल्यावर हा गंज कोन उतरवन?"

"तुलेच बोलावीन," मी म्हटलं. "खांदा द्यायलेही तूच ये."

आजूबाजूचे हसले. तोही हसला.

दुपारच्या जेवणाचा भात चुलीवर होता, काम करणाऱ्यांपुरता, घरून आणलेल्या तांदळाचा. तांदूळ शिजले तसा मी आणि निर्मलाबाईने गंज कलता करून घमेल्यात मांड पसवला, म्हणजे भाताचं पाणी ओतून काढलं. जाड, पांढरा, रटरटणारा. नेहमी मी तो मीठ घालून पोरांना प्यायला देते. घमेलं तसंच चुलीच्या कडेला ठेवलं.

तेवढ्यात एका बाईने, वाईट मनाने नाही, आनंदाने, विनोदला म्हटलं की हर्षा आता नागपूरला शिकायला जाणार, चांगलं झालं भाऊ. तिला वाटलं त्याला माहीत असेल. समेट झाला होता ना.

विनोदने हातातली ताडपत्री ताणायची लाकडी खुंटी खाली ठेवली. हर्षाजवळ गेला. हळूच बोलला, पण तेव्हा सगळे गप्प झाले होते म्हणून ऐकू आलं. "चल घरी."

"नाही येत," हर्षा म्हणाली.

हे तिने त्याला लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं असावं, कारण तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने वाकून तिचा प्लास्टरचा हात धरला, तिला त्या हाताने उभी केली आणि तो हात मोहाच्या खोडावर आपटला. प्लास्टर चिरलं. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, नुसती हवा निघाली. त्याने पुन्हा आपटला. पांढरा चुरा तिच्या पायांवर पडला. डबा कलंडला, तांदूळ पाल्यात सांडले. पाळकसाहेब म्हणाले, "विनोद, सोड." दोरी धरलेले पुरुष दोरी धरूनच उभे होते. एकजण म्हणाला, त्यांचं त्यांना मिटवू द्या. विनोद तिला केसांनी धरून टेम्पोकडे ओढायला लागला. ती डाव्या हाताने झाडाची मुळी धरून होती, ती सुटली.

मी घमेल्याचे कान फडक्याने धरले. मला धावता येत नाही. मी चालत गेले. तो पाठमोरा होता. मी म्हटलं, "विनोद." तो वळला आणि मी मांड त्याच्या मांड्यांवर ओतला, पोटाखालून गुडघ्यांपर्यंत, घमेलं रिकामं होईपर्यंत.

मांड पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटून राहतो. तो असा ओरडला की बोडीतली बगळ्यांची रांग उडाली. हर्षाचे केस सोडून तो पँट अंगापासून ओढू लागला आणि कापडाबरोबर कातडी येऊ लागली. मग त्याला मी दिसले. त्याने मघाची खुंटी उचलून माझ्या कपाळावर मारली. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं. मी पडले. दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं मला तेव्हाच कळलं. तिसऱ्यासाठी त्याने हात उचलला तो मला रक्तातून दिसला.

तो घाव पडला नाही. निर्मलाबाईने लाकडं फोडायची कुऱ्हाड उलटी धरून त्याच्या गुडघ्यावर मारली होती. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. तो बसला, मग आडवा झाला. ती मारत राहिली, दुसऱ्या पायावर, बरगडीत, खुंटीच्या हातावर. मग बाकीच्या बाया आल्या, ज्यांनी सकाळपासून पाला झाडला होता त्याच. कुणाच्या हातात खराटा, कुणाच्या हातात चुलीतलं जळकं लाकूड. कुणीही ओरडत नव्हतं. फक्त मारल्याचे आवाज आणि त्याचं ओरडणं, आणि तेही हळूहळू बारीक होत गेलं. ज्या बाईने नागपूरची बातमी सांगितली होती ती त्याच्या तोंडावर चपलेने मारत होती. पाळकीणबाई पाळीवरून उतरून आल्या, मला ओलांडून गेल्या आणि त्यांनीही एक लाथ मारली. त्यांच्या नवऱ्याने ते पाहिलं.

निर्मलाबाईने कुऱ्हाड सरळ केली. पात्याची बाजू खाली.

"मरू नका देऊ त्याले," हर्षा म्हणाली. ती गुडघ्यांवर होती, तोंडात माती गेलेली. "तो मेला त मले जाऊ देनार नाही कोनी. मले नागपूरले जायचं आहे."

दयेने नव्हती बोलली ती. निर्मलाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग तिने कुऱ्हाड बाजूच्या ओंडक्यात मारली आणि तिथेच खाली बसली.

विनोदला त्याच्याच टेम्पोतून, त्याच्याच ताडपत्रीवर घालून दवाखान्यात नेलं. मला पाळकसाहेबांनी नेलं. वाटेभर त्यांनी माझं डोकं आपल्या उपरण्याने दाबून धरलं होतं. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. टाके घालताना मी त्यांचा हात धरला नाही, त्यांना धरायचा होता तरी. खांदा बांधून घेऊन मी परत बोडीवर आले. घरी जा म्हणाले सगळे. हर्षा बोडीवर होती.

संध्याकाळी ठाण्यातून जमादार आले. मांड कुणी टाकला, विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि पट्टीकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मग हर्षाच्या हाताकडे पाहून तेही लिहून घेतलं. या वेळी हर्षाने फाटक सांगितलं नाही. कोठीपासून सगळं सांगितलं, थांबून थांबून, आणि टपरीपर्यंत आली तेव्हा पाळकसाहेब पुढे होऊन म्हणाले, हो, मी तिथे होतो, माझी जबानी घ्या. जमादारांनी तिचा नागपूरचा पत्ता घेतला, बोलावलं की यावं लागेल म्हणाले, पण जाऊ नको म्हणाले नाहीत. शेवटी विचारलं, त्याचे पाय कसे मोडले?

एका बाईने जळकं लाकूड पुन्हा चुलीत सारलं.

"पाय घसरला," निर्मलाबाई म्हणाली.

हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते. तेव्हाही सगळ्यांनी ऐकून घेतले होते.

शुभांगीबाईंची जीप आली तेव्हा अंधारून येत होतं. त्या उतरल्या, हर्षाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, प्रवचन उद्या दुपारी झालं तरी चालेल, आधी हिला पोचवून येते. हर्षाची पिशवी निर्मलाबाईने जीपमध्ये ठेवली. हर्षा माझ्याजवळ बसली. पट्टी न बांधलेल्या बाजूने माझ्या गालाला गाल लावला. मी तिच्या डाव्या कानात म्हटलं, "मागे पाहू नको, मान दुखन." ती हसली. जीप वळली तेव्हा तिने खिडकीतून डावा हात बाहेर काढला आणि जंगल लागेपर्यंत आत घेतला नाही.

शिबिर व्हायचं की नाही यावर पुरुष बराच वेळ बोलत बसले. पाळकसाहेब म्हणाले, होईल. सकाळी सगळे अंघोळी करून, पांढरे कपडे घालून दोरीपाशी जमले. पाल्यात सांडलेले तांदूळ बायांनी निवडून पुन्हा डब्यात भरले होते. एकेकजण आत जात होता. माझ्यापाशी पाळकसाहेब थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "माह्यं विनोदशी वाकडं आहे साहेब. त्याच्या घरची मूठ मी आननार नाही. म्हनून मी बाहेरच बसते."

"आजी, या वर्षी रीत..."

"रीत राहू द्या. सगळ्यांले सारखी."

ते पुढच्या माणसाकडे वळले. मी चुलीजवळ माझ्या पाटावर बसले. जरा वेळाने निर्मलाबाई माझ्या बाजूला येऊन बसली. तिच्या मागे त्या दुसऱ्या बायाही आल्या, कुणी लाकडं सारायचं निमित्त करून, कुणी तेही न करता. पाळकीणबाई दोरीच्या आत गेल्या होत्या. पहिली प्रार्थना होईपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या, मग दोरी उचलून खालून बाहेर आल्या. आत मुख्यतः पुरुष उरले. त्यांनी गाणं सुरू केलं. ढोलकी चुलीजवळ पडून तडकली होती, म्हणून ताल चुकत होता.

मी पदराची गाठ सोडली. हर्षाच्या मुठीचे तांदूळ काळपट झाले होते, एकमेकांना चिकटले होते. पाळीवर जाऊन मी ते पाण्यात टाकले. मासे वर आले, एवढे मोठे, आणि पाणी थोडा वेळ उकळल्यासारखं झालं. लहानपणी याच बोडीतली मासळी आई त्या भाताबरोबर वाढायची.

परत आले तोवर निर्मलाबाईने आपल्या घरच्या तांदळाचा भात वेगळ्या पातेल्यात शिजवला होता. खांद्यामुळे मला हात उचलता येत नव्हता, म्हणून तिने पळसाच्या पत्रावळीवर वाढून डाव्या हाताशी ठेवलं. चांगला शिजला होता. संपल्यावर तिने विचारलं, "अजून घ्याल का आजी?"

मी पत्रावळ पुढे केली.